गाडीतला हीटर मध्येच का विझतो: तापमान नेमकं कुठे मोजलं जातं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का, हे तुम्हालाही तपासता येईल. तुम्ही श्टुटगार्टजवळ राहता. गाडी डिझेल, आणि कंपनीतूनच आलेला श्टांडहायत्सुंग, म्हणजे इंजिन बंद असताना टाकीतलंच डिझेल जाळून गाडी गरम करणारा हीटर. बाहेर उणे 6. सकाळी टायमरवर हीटर लागतो, पहिली सहा-सात मिनिटं जोरात घरघरतो, मग आवाज मंद होतो आणि थोड्या वेळाने पूर्ण थांबतो. काही मिनिटांनी पुन्हा आपणहून सुरू होतो. अर्ध्या तासाने दार उघडावं तर आत जेमतेम ऊब, समोरची काच अर्धी मोकळी. पॅनेलवर 22 लावलेलं. गॅरेजवाल्यांनी सांगितलं, हीटरचा थर्मोस्टॅट गेलाय, अख्खं युनिट बदला. तुम्ही विचारताय की 22 व्हायच्या आत हा बंद का पडतो, आणि थर्मोस्टॅट सुटा मिळतो का.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल पंपांवर माझा हात बसला आणि गेली 16 वर्षं मी दक्षिण जर्मनीत गाड्यांच्या हीटरचंच काम करतोय. तुमच्यासारखी तक्रार दर हिवाळ्यात येते, आणि बहुतेक वेळा हीटर धडधाकट निघतो. तुमच्या वर्णनावरून मला इथेही तसंच वाटतंय. मात्र गाडी न बघता खात्री देणार नाही. गाडीतलं पाणी कुठल्या वाटेने फिरतं त्यावर बरंच अवलंबून आहे, त्याकडे पुढे येतो.

पहिली गोष्ट. तुम्ही लावलेले 22 अंश या हीटरला माहीतच नसतात. पाणी तापवणाऱ्या हीटरचा सेन्सर त्याच्या स्वतःच्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये बुडालेला असतो. आतल्या हवेची जबाबदारी ब्लोअर आणि झडपांची, म्हणजे गाडीच्या क्लायमेट यंत्रणेची. हीटर पाणी गरम ठेवतो, ते पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून जातं, ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. या साखळीतल्या पहिल्या कडीला शेवटच्या कडीवर काय चाललंय ते दिसत नाही.

जुन्या घरातला तांब्याचा बंब आठवा. मध्ये नळकांडं, त्यात विस्तव, भोवती पाणी. हा हीटर म्हणजे आकाराने मोठ्या पावाएवढा बंबच: मध्ये ज्वाला आणि भोवती पाण्याचं कवच. फरक इतकाच, की बंबात पाणी साठून राहतं आणि इथे एक छोटा विजेचा पंप ते सतत फिरवत असतो. न्हाणीघरात किती गारठा आहे हे बंबाला कळत नाही. पाणी कढत झालं की आपण लाकूड मागे ओढतो. हीटरमध्ये लाकूड ओढण्याचं काम कंट्रोल युनिट करतं.

ते कसं करतं, हे समजलं की तुमचं कोडं अर्धं सुटेल. डिझेल येतं डोसिंग पंपातून. हा पिस्टनचा पंप असतो आणि दर ठोक्याला ठरलेला थेंब पुढे ढकलतो. गाडीखालून येणारी टक-टक ती हीच. ठोके वाढवले की आच वाढते, कमी केले की उतरते. पण आच नुसत्या डिझेलवर ठरत नाही. प्रत्येक थेंबाला हवाही मोजून लागते, म्हणून ज्वालेला हवा देणाऱ्या पंख्याचा वेगही ठोक्यांच्या जोडीने बदलतो. तुम्हाला ऐकू येणारी घरघर या पंख्याची.

सुरुवात मोठ्या आचेने होते. तुमच्या गाडीतल्यासारख्या हीटरची पूर्ण ताकद साधारण 5 किलोवॉट असते, आणि त्यावर तो तासाला सुमारे 0.6 लीटर डिझेल जाळतो. पाणी 70 ते 80 अंशांच्या पट्ट्यात आलं की युनिट आच उतरवतं. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. जुन्या हीटरमध्ये मोठी आणि मंद अशा दोनच पायऱ्या असायच्या, मंद आच साधारण अडीच किलोवॉटची. नव्या हीटरमध्ये आच हळूहळू कमी होत दीड किलोवॉटच्या आसपास जाते. मंद आचेवरही पाणी चढतच राहिलं तर युनिट डिझेल बंद करतं. पंखा दोन-तीन मिनिटं चालू राहून उरलेले थेंब जाळून टाकतो आणि आतलं नळकांडं थंड करतो. पाणी फिरवणारा पंप मात्र थांबत नाही. पाणी काही अंश उतरलं की ग्लो प्लग, म्हणजे ज्वाला पेटवणारी विजेची कांडी, तापतो आणि ज्वाला पुन्हा पेटते. या मधल्या थांबण्याला इथले कारागीर 'रेगेलपाउझे' म्हणतात. आपण विसावा म्हणू.

म्हणजे तुमचा हीटर बंद पडत नाहीये, विसावा घेतोय. आणि तुम्ही शोधताय तसा सुटा थर्मोस्टॅट त्यात नाहीच. सेन्सर आहे, त्याचं वाचन घेऊन निर्णय करणारं युनिट आहे, आणि तापमान शंभराच्या बरंच वर गेलं तर सगळं तोडणारी वेगळी सुरक्षा आहे. सेन्सर बिघडू शकतो, पण तो सहसा फॉल्ट कोड, म्हणजे युनिटच्या मेमरीत बिघाडाची नोंद, मागे ठेवून बिघडतो. तुमच्या चिठ्ठीत कोडचा उल्लेखही नाही, म्हणून गॅरेजचं निदान मला घाईचं वाटतं.

इथे कोणीही विचारेल की आच आणखी मंद करून सतत जळत का ठेवत नाहीत. कारण डिझेल आत फवारलं जात नाही. ते धातूच्या दाट जाळीत मुरतं, जाळीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. आच एका मर्यादेखाली नेली तर जाळी पुरेशी तापत नाही, वाफ अर्धवट होते, काजळी धरते. म्हणून प्रत्येक हीटरला तळाची एक मर्यादा असते. त्याहून कमी उष्णता हवी असेल तर विझून पुन्हा पेटणं हाच मार्ग. पण प्रत्येक पेटण्याला किंमत आहे. बंब पेटवताना पहिला धूर सगळ्यात दाट निघतो, तसंच इथे. रोज चार-पाच वेळा विझणारा आणि पेटणारा हीटर दोन-तीन हिवाळ्यांत आतून काळा होतो, मग ज्वाला धरेनाशी होते आणि युनिट स्वतःला लॉक करतं. म्हणून विसावा हा दोष नसला तरी वारंवार विसावा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तुमच्या गाडीत कारण शोधायचं ते यासाठी.

आता थोडा हिशेब करू. पंधरा-वीस मिनिटांचं अंदाजाने चाचपडणं त्याने वाचतं.

गाडीतलं कूलंट 6 लीटर धरू. उणे 6 पासून 75 अंशांपर्यंत म्हणजे 81 अंश चढ. ग्लायकॉल मिसळलेल्या पाण्याच्या एका लीटरला एका अंशासाठी साधारण 3.6 किलोज्यूल लागतात. गुणाकार केला तर सुमारे 1750 किलोज्यूल. 5 किलोवॉटचा हीटर ते सहा मिनिटांत देतो. हे झालं नुसत्या पाण्याचं. तेच पाणी इंजिनातून फिरत असेल, तर शंभरेक किलो लोखंडही सोबत तापवावं लागतं आणि वेळ जातो 18 मिनिटांवर. त्यात पाइपांची आणि केबिनची गळती धरली की 20 ते 25.

तुमचा हीटर सहा-सात मिनिटांत मंद होतो. म्हणजे त्याची उष्णता इंजिनात फारशी जात नाहीये. काही गाड्यांत मुद्दामच तसं केलेलं असतं: झडप लावून पाणी आधी फक्त हीटर आणि केबिनच्या छोट्या वाटेने फिरवतात, म्हणजे आतली माणसं लवकर उबदार होतात. तुमची गाडी तशी असेल तर सहा मिनिटं अगदी योग्य. पण मग केबिनही भराभर तापायला हवी, कारण सगळी ताकद तिथेच जाणार. ती तापत नाही. दुसरी शक्यता, तुमच्या गाडीत पाणी इंजिनातून जायला हवं, पण ते नीट फिरतच नाही, हीटरच्या आसपासच तापून बसतं. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच निघतो: हीटर उष्णता तयार करतोय, ती त्याच्याकडून कोणी नेत नाहीये. पाणी कढत झालं म्हणून तो थांबतो, आणि ते कढत पाणी तुमच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

कोण नेत नाहीये हे शोधायचं तर सुरुवात ब्लोअरपासून करा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. पाणी ठरावीक तापमानाला आलं की हीटर ब्लोअर सुरू करतो. काही गाड्यांत तो तिशीतच लागतो, काहींत पन्नाशी ओलांडल्यावर. तो लागतो का, हवा कुठून येते, किती येते, हे सकाळी गाडीत बसून बघा. ब्लोअर तासाला 100 घनमीटर हवा ढकलत असेल आणि ती उणे 6 वरून 50 अंशांवर जात असेल, तर तो पाण्यातून सुमारे 2 किलोवॉट उचलतो. मंद आचेच्या जवळपासचा आकडा आहे हा, म्हणून हीटर फार न विझता चालत राहतो. ब्लोअर 40 घनमीटरच ढकलत असेल तर उचल 0.8 किलोवॉट, म्हणजे कुठल्याही हीटरच्या तळाच्या मर्यादेखाली. मग विसाव्यावर विसावा येणारच. केबिनच्या फिल्टरमध्ये पानं भरली, तो ओला होऊन गोठला, की नेमकं हे घडतं. दोन वर्षं फिल्टर बदलला नसेल तर दुसरं काही करायच्या आधी तो बदला.

साधं, हाताने फिरवायचं पॅनेल असेल तर आदल्या रात्री गाडी बंद करताना बटण पूर्ण गरमवर, झडप काचेकडे आणि ब्लोअर पहिल्या पायरीवर ठेवावा लागतो. ऑटोमॅटिक क्लायमेट असेल तर बहुतेक गाड्या हे स्वतः करतात, पण सगळ्या नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तकात श्टांडहायत्सुंगच्या पानावर हे लिहिलेलं असतं, आणि ते पान क्वचितच कोणी वाचतं. आणखी एक बारीक बाब. काही गाड्यांत केबिनचं तापमान हवेच्या झडपेने ठरत नाही, पाण्याच्या व्हॉल्व्हने ठरतं. तिथे 22 लावलेलं असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट मिटलेला राहू शकतो आणि पाण्याची वाटच आवळली जाते. म्हणून चाचणीपुरतं पॅनेलवर सगळ्यात वरचं तापमान ठेवा. एवढ्यानेच फरक पडला, तर तुमचा प्रश्न तिथेच मिटला.

ब्लोअर दमदार चालतोय आणि तरी हवा कोमटच, तर मग पाण्याकडे वळायचं. हीटरला दोन होज जोडलेले असतात, एकातून पाणी आत येतं, दुसऱ्यातून बाहेर पडतं. मोठी आच चालू असताना दोन्हींवर तापमान मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर चालेल, मात्र काळ्या रबरावर धरा, चकचकीत क्लिपवर नाही. पाणी तासाला 500 लीटर फिरत असेल तर 5 किलोवॉट त्याला साधारण 10 अंश चढवतं. 200 लीटरच फिरत असेल तर हाच फरक 25 च्या घरात जातो. दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे पाण्याच्या वेगाचं मापच. माझ्या कामात 15 च्या वर फरक दिसला की हीटर तसाच ठेवून मी पंप, हवा आणि गाळ या तीन गोष्टींच्या मागे लागतो.

यात हवा सर्वांत जास्त वेळा सापडते. तुमच्या गाडीत अलीकडे कूलंट, वॉटर पंप किंवा कुठला होज बदललाय का, हे आठवा. दोन हिवाळ्यांपूर्वी एका नर्सबाईंची गाडी माझ्याकडे आली. त्यांच्यासाठी एका गॅरेजने नवा हीटर बसवला होता, तोही तसाच वागत होता म्हणून दुसऱ्याने कंट्रोल युनिट बदललं होतं. पैसे तर गेलेच, पण रात्रपाळी संपवून पहाटे काच खरवडत त्या उभ्या राहायच्या, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. दोन्ही होजमधला फरक निघाला 30 अंशांच्या वर. उन्हाळ्यात वॉटर पंप बदलताना शिरलेली हवा हीटरच्या होजच्या एका उंच वळणात अडकून बसली होती. व्हॅक्यूमने कूलंट पुन्हा भरलं, तासाभराचं काम. जुना हीटर कदाचित अजून कित्येक वर्षं चालला असता. तेव्हापासून कोणी 'युनिट बदला' म्हणालं की मी आधी विचारतो, दोन्ही होजची तापमानं मोजलीत का?

पाणी अजिबातच फिरलं नाही तर काय होतं, तेही सांगतो, कारण तुमच्या बाबतीत ते नाही हे त्यातून कळेल. हीटरच्या कवचात मावतं जेमतेम पेलाभर पाणी. ते न हलता 5 किलोवॉटवर ठेवलं तर सेकंदाला काही अंश या वेगाने चढतं आणि मिनिटाच्या आत उकळीला येतं. युनिट हे ओळखतं. काही हीटरमध्ये दोन सेन्सर असतात आणि त्यांच्यातला फरक अचानक वाढला की ज्वाला लगेच तोडली जाते, अतितापाचा कोड नोंदवला जातो, आणि असं वारंवार झालं की हीटर लॉक होतो. तुमचा सात मिनिटं जळतो, म्हणजे पाणी फिरतंय, फक्त हवं तितकं नाही किंवा हव्या तिथे नाही.

बॅटरीचंही इथेच बोलून टाकतो, कारण गॅरेजमध्ये बरेचदा यातच गल्लत होते. व्होल्टेज साधारण साडेदहाच्या खाली उतरलं की हीटर बंद होतो, आणि वरवर पाहता तो तापमानामुळे थांबल्यासारखाच वाटतो. पण व्होल्टेजमुळे थांबलेला सहसा पुन्हा आपणहून पेटत नाही, आणि मागे कोड ठेवतो. तुमचा पुन्हा पेटतो. म्हणून बॅटरी माझ्या संशयितांत खाली आहे. तरीही घर ते ऑफिस दहा मिनिटांचा रस्ता आणि रोज अर्धा तास हीटर, हे गणित कुठल्याच बॅटरीला झेपत नाही. जितका वेळ हीटर, तितका वेळ गाडी चालवायची, हा इथला जुना नियम मी सगळ्यांना सांगतो.

आतापर्यंतचं थोडक्यात: हीटर कूलंट सांभाळतो, केबिन नाही, विसावा हे त्याचं ठरलेलं वागणं आहे, आणि तो लवकर येतोय याचा अर्थ उष्णता उचलणारं कोणीतरी कमी पडतंय. आधी फिल्टर, ब्लोअर आणि पॅनेल, मग दोन होजचा फरक, मग फॉल्ट मेमरी. हीटरची किंमत या सगळ्यानंतर.

तुम्ही शेवटी भावाबद्दल विचारलंय. तो पुण्याहून लडाखला व्हॅन नेतोय आणि त्याने स्वस्तातला डिझेल हीटर बसवलाय. तो याच कुळातला, पण पाणी नसलेला, थेट हवा तापवणारा. त्यात सेन्सर खरोखरच खोलीची हवा मोजतो, बहुतेक वेळा आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या तोंडाशी. तिथे 22 लावले तर 22 ला अर्थ आहे. नामांकित 2 किलोवॉटच्या हीटरमध्ये आच 2.2 पासून 0.85 किलोवॉटपर्यंत पायऱ्यांनी उतरते, आणि तरीही आत गरम होत राहिलं तर तो विझून फक्त पंखा चालू ठेवतो. स्वस्त हीटरपैकी बरेच विझत नाहीत, सगळ्यात मंद आचेवर तासन्‌तास जळत राहतात. आधी सांगितलं तेच इथेही: मंद आच म्हणजे काजळी. त्यात लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3500 मीटरवर. तिथे हवेचा दाब इथल्या दोन तृतीयांशाच्या आसपास, पण पंपाचा थेंब तेवढाच. डिझेल जास्त, हवा कमी, धूर दाट. त्याच्या हीटरला उंचीची सेटिंग आहे का ते बघायला सांगा. नसेल तर वर गेल्यावर डिझेलचे ठोके हाताने कमी करावे लागतील, आणि रात्री अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं मोठी आच द्यावी, म्हणजे आतली काजळी जळून जाते. धुराचा पाइप व्हॅनच्या पोटाखाली संपायला नको, बाजूच्या कडेपर्यंत यायला हवा. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय त्याने त्यात झोपू नये. हे मी आग्रहाने सांगतोय, त्याला वाचून दाखवा. तुमच्याही गाडीचा हीटर बंद गॅरेजमध्ये कधी लावू नका, टायमरवर तर मुळीच नाही.

तुमच्याकडून मला तीन आकडे हवेत. पॅनेल पूर्ण गरमवर ठेवून थंड गाडीत हीटर लावा आणि आवाज मंद व्हायला किती मिनिटं लागली ते लिहा. मंद व्हायच्या जरा आधी दोन्ही होजची तापमानं घ्या. आणि त्याच वेळी डॅशबोर्डच्या मधल्या जाळीतून येणाऱ्या हवेचं तापमान, स्वयंपाकघरातला थर्मामीटर चालेल. गाडीचं मॉडेल आणि साल कळवा, म्हणजे पाणी कुठल्या वाटेने फिरतं ते मी आराखड्यात बघून सांगतो. तोपर्यंत नव्या युनिटची ऑर्डर थांबवा.